आम्लाला पुरून उरलेलं टेफ्लॉन खुब्याच्या सांध्यात का हरलं?

१९५८ नंतरच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या रायटिंग्टन रुग्णालयात सुमारे ३०० रुग्णांच्या खुब्यात पीटीएफईची, म्हणजे ज्याला आपण सगळे टेफ्लॉन म्हणतो त्या प्लास्टिकची, वाटी बसवली गेली. संधिवातानं खाटेला खिळलेली माणसं शस्त्रक्रियेनंतर वेदनेशिवाय चालू लागली. पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळं उत्तम होतं. मग एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाला बसवलेला धातूचा गोळा वाटीच्या आत आत रुतत चाललेला दिसू लागला, दुखणं परतलं आणि एकामागून एक सांधे पुन्हा उघडावे लागले.

रासायनिक कारखान्यांसाठी सील, बुश (फिरत्या शाफ्टला आधार देणारी, त्याच्याशी घासणारी नळी) आणि व्हॉल्व्ह सीटचं मटेरियल निवडणं हे माझं काम. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे प्रकरण आधी वाचायला सांगतो. पीटीएफईचं बळ कशात आहे आणि ते कुठे पांगळं पडतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. शिवाय यात चूक करणारा माणूस हलगर्जी नव्हता. या शस्त्रक्रिया करणारे सर जॉन चार्नली हे विसाव्या शतकातल्या सर्वांत काटेकोर शल्यचिकित्सकांपैकी एक. म्हणूनच त्यांची चूक नीट समजून घ्यावीशी वाटते.

पदार्थ

पीटीएफई सापडलं ते शोधायला न जाता. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट आणि त्यांचे साहाय्यक जॅक रेबॉक शीतकरणासाठी नवा वायू बनवण्याच्या कामात होते. टेट्राफ्लुओरोएथिलीन भरलेल्या एका सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन केलं तर सिलिंडर भरलेलाच. कापून पाहिला तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूच्या रेणूंची आपोआप साखळी झाली होती.

ही साखळी म्हणजे कार्बनचा कणा आणि त्याला चहूबाजूंनी वेढणारे फ्लोरिनचे अणू. कार्बन-फ्लोरिन बंध सेंद्रिय रसायनातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक, आणि फ्लोरिनचं आवरण इतकं दाट की बाहेरच्या रसायनाला कार्बनपर्यंत पोचायला जागाच उरत नाही. उकळतं सल्फ्युरिक आम्ल, नायट्रिक आम्ल, सोनंही विरघळवणारं अम्लराज, गरम कॉस्टिक सोडा, जवळपास सगळे सॉल्व्हंट, कशाचाही त्यावर परिणाम होत नाही. वितळलेला सोडियमसारखा अल्कली धातू किंवा तापलेला फ्लोरिन वायू, अशा मोजक्याच गोष्टींना ते दबतं. उणे २०० अंश सेल्सिअसपासून २६० अंशांपर्यंत ते सतत वापरता येतं. ३२७ अंशांना त्याचे स्फटिक वितळतात, पण तरीही ते वाहत नाही. वितळलेल्या अवस्थेतही इतकं घट्ट असतं की इतर प्लास्टिकसारखं साच्यात ओतता येत नाही. भुकटी दाबून, मग ३६० ते ३८० अंशांना भाजून त्याचे रॉड आणि शीट बनवतात आणि टर्नर त्यातून लेथवर हवा तो भाग काढतो.

त्याचं पहिलं मोठं काम दुसऱ्या महायुद्धात निघालं. अणुबॉम्बसाठी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणाऱ्या अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लुओराइड हा अत्यंत क्षरणकारी वायू हाताळायचा होता, आणि त्यापुढे टिकणारे गॅस्केट आणि सील पीटीएफईचे निघाले.

या सगळ्या गुणांच्या यादीत आणखी एक गुण आहे, आणि पुढची गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. त्याचं घर्षण अतिशय कमी. पोलादावर घासताना घर्षणांक साधारण ०.०५ ते ०.१. घन पदार्थांत याहून निसरडं क्वचितच काही सापडेल.

चार्नलींचा विचार

१९४६ पासून पॅरिसचे ज्युडे बंधू खुब्याच्या हाडाचा खराब झालेला गोळा काढून त्या जागी अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवत असत. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याचा सांधा हालचाल करताना करकरत असे, इतका की त्याच्या बायकोला तो आवाज असह्य होई. दुसऱ्या कोणी ही तक्रार किरकोळ म्हणून सोडून दिली असती. चार्नलींनी त्यातून प्रश्न उचलला: आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे, आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलागणिक तो गोळा हाडातल्या आपल्या बैठकीला पिळत असणार. कृत्रिम सांधे सैल का होतात, याचं उत्तर त्यांना इथे दिसलं.

त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ताज्या सांध्यांचं घर्षण मोजलं. कुर्चेचा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तराचा, कुर्चेवरचा घर्षणांक बर्फावर सरकणाऱ्या बर्फापेक्षाही कमी निघाला. त्या काळी अनेकांचं मत होतं की सांध्यातल्या द्रवाची पातळ फिल्म दोन्ही पृष्ठभाग वेगळे ठेवते. चार्नलींचं मत वेगळं होतं: कुर्चेचा पृष्ठभागच मुळात निसरडा आहे, द्रव बदलला तरी फारसं बिघडत नाही. मग कुर्चेच्या जागी असाच मुळातून निसरडा पदार्थ हवा. तो शरीरात विरघळता कामा नये, गंजता कामा नये, कशाशी अभिक्रिया करता कामा नये. ही मागणी कागदावर मांडली की उत्तर एकच येतं.

पुढे त्यांनी जे केलं ते यंत्रशास्त्र म्हणून आजही वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला त्यांनी वाटी आणि गोळा दोन्हींवर पीटीएफईचं पातळ कवच चढवलं. कवचाखालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू लागलं आणि हा मार्ग बंद झाला. मग मांडीच्या हाडात पोलादी दांडा व गोळा आणि ओटीपोटाच्या हाडात पीटीएफईची वाटी, अशी रचना ठरली. त्यातही गोळ्याचा व्यास त्यांनी टप्प्याटप्प्यानं कमी केला. प्रचलित गोळा ४० मिलिमीटरच्या आसपास असे, चार्नली २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे पाऊण इंचाहून थोडं जास्त, बरोबर ७/८ इंचावर आले. वाटीला पिळणारं बल घर्षणांक, भार आणि गोळ्याची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतकं असतं. त्रिज्या निम्मी झाली की पीळ निम्मा, आणि वाटीची भिंतही जाड ठेवता येते. दांडा आणि वाटी हाडात घट्ट बसवण्यासाठी मँचेस्टरच्या दंत विद्यालयातले डेनिस स्मिथ यांनी सुचवलेलं अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरलं. १९६१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये या नव्या शस्त्रक्रियेचा लेख आला. छोटा गोळा, जाड वाटी आणि सिमेंट, या तिन्ही गोष्टी पुढे जगभर टिकल्या. हरलं ते फक्त मटेरियल.

काय घडलं

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. ६० किलोच्या माणसात तो १८०० न्यूटनच्या घरात जातो. २२ मिलिमीटर गोळ्याचं प्रक्षेपित क्षेत्रफळ ३९० चौरस मिलिमीटरच्या आत, म्हणजे दाब ४.५ मेगापास्कलच्या वर. एका पायाची वर्षभरात साधारण दहा लाख पावलं होतात. दर पावलाला गोळा वाटीत पुढे-मागे मिळून १५ मिलिमीटर सरकतो असं धरलं तर वर्षाला १५ किलोमीटरची घासाघीस. हा हिशोब मी कारखान्यातल्या कुठल्याही बुशसाठी करतो तसाच केला आहे. एवढ्या दाबाला एवढं अंतर घासणारा, भरणीशिवायचा, म्हणजे झीज रोखणारं काही न मिसळलेला, पीटीएफईचा बुश माझ्यासमोर मंजुरीला आला, तर मी सही करणार नाही.

झालंही तसंच. वाट्या झिजू लागल्या, काहींमध्ये तीन वर्षांत ७ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका सांध्यातून अडीच घन सेंटिमीटरहून जास्त पीटीएफई भुकटी होऊन आजूबाजूच्या ऊतींमध्ये शिरलं. नुसती वाटी पातळ झाली असती तर वाटी बदलून भागलं असतं. पण सांधे उघडले तेव्हा आत पांढुरक्या, चिजासारख्या लगद्याचे साठे आणि सुजलेल्या ऊतींच्या गाठी सापडल्या, आणि लगतचं हाड खाल्लं गेलं होतं.

ज्या पदार्थावर अम्लराजाचाही परिणाम होत नाही, त्यानं ऊतींना असं का छळावं? कारण तो कशानंच पचत नाही. बाहेरून आलेला कण दिसला की शरीरातल्या भक्षक पेशी तो गिळतात आणि विरघळवायचा प्रयत्न करतात. पीटीएफईचा कण विरघळत नाही. पेशी थकते, मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी येते. या सततच्या चकमकीत सुटणारी रसायनं शेजारचं हाड शोषून घ्यायला लावतात. सलग तुकड्याच्या रूपात शरीर पीटीएफई निमूट सहन करतं. सूक्ष्म कणांच्या रूपात नाही. पदार्थ तोच, रसायन तेच, फक्त आकार बदलला, आणि ‘निष्क्रिय’ हा शिक्का गैरलागू ठरला.

मधल्या काळात चार्नलींनी भरणी घातलेलं पीटीएफईही करून पाहिलं. उद्योगातला हा नेहमीचा उपाय: काचेचे तंतू, कार्बन, ग्राफाइट, ब्राँझ असं काही मिसळलं की पीटीएफईची झीज शेकडो पटींनी कमी होते. त्यांनी फ्लुओरोसिंट हा खनिज भरणीचा प्रकार घेतला. प्रयोगशाळेत त्याची झीज साध्या पीटीएफईपेक्षा पुष्कळच कमी दिसली. शरीरात गेल्यावर मात्र तो फायदा उरला नाही. भरणीचे कण मोकळे होऊन पॉलिशच्या लेपासारखे धातूच्या गोळ्यालाच घासू लागले.

एकदा प्रयोगशाळेनं दगा दिला, तेव्हा चार्नली स्वतःकडे वळले. पीटीएफईची आणि एका दुसऱ्या प्लास्टिकची बारीक भुकटी त्यांनी जाड सुईनं स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनी पीटीएफई टोचलेल्या जागी हाताला लागणाऱ्या गाठी होत्या, मूळ आकाराच्या जवळपास दुप्पट. दुसरं प्लास्टिक टोचलेलं कुठे होतं हे चाचपूनही कळत नव्हतं. १९६३ च्या डिसेंबरात ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे छापलं आणि पीटीएफईचा असा वापर करू नका असा इशारा जगाला दिला. आपलं अपयश इतक्या उघडपणे, इतक्या लवकर आणि स्वतःच्या देहाची साक्ष काढून मांडणारे फार थोडे. रुग्णांच्या फेरशस्त्रक्रियांचं ओझंही त्यांनी स्वतःवर घेतलं.

दुसरं प्लास्टिक

ते दुसरं प्लास्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन. रायटिंग्टनमध्ये ते आलं मे १९६२ मध्ये, एका विक्रेत्याच्या हातून. लँकेशायरच्या यंत्रमागांना लागणारे गिअर तो या जर्मन प्लास्टिकचे विकत असे. चार्नलींचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी त्याच्याकडून एक तुकडा घेतला. चार्नलींनी तुकड्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि यात वेळ घालवू नका असं सांगून ते निघून गेले. नखाला दबणारं प्लास्टिक खुब्यात काय टिकणार?

क्रेव्हन यांनी सांध्याची झीज मोजण्यासाठी स्वतः यंत्र बांधलं होतं. चार्नली कोपनहेगनला परिषदेला गेलेले असताना त्यांनी तो तुकडा यंत्रावर चढवला आणि तीन आठवडे रात्रंदिवस चालवला. तीन आठवड्यांत झालेली झीज पीटीएफईच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी भरली. चार्नली परतले, त्यांनी मोजमापं पाहिली आणि आपलं मत तिथल्या तिथे बदललं. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनच्या वाट्या बसू लागल्या. पण या वेळी त्यांनी कित्येक वर्षं ही शस्त्रक्रिया इतर शल्यचिकित्सकांसाठी सर्रास खुली केली नाही. आधी स्वतःच्या रुग्णांमध्ये ती टिकते का ते पाहिलं. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे दोघे वाटतात: नकार ऐकूनही यंत्र चालू ठेवणारे क्रेव्हन, आणि आकडे दिसताच माघार घेणारे चार्नली.

असं का झालं

दोन्ही प्लास्टिकचे तक्ते शेजारी ठेवा. तापमान: पीटीएफई २६० अंश, पॉलिएथिलीन ८०-९० अंशांच्या पुढे नको, १३५ च्या आसपास वितळतंच. रसायनं: पीटीएफईला जवळपास सगळं चालतं, पॉलिएथिलीनला तीव्र ऑक्सिडीकारक आम्लं आणि गरम सॉल्व्हंट सोसत नाहीत. घर्षण: पीटीएफई स्पष्टपणे सरस. किंमत सोडली तर प्रत्येक रकान्यात पीटीएफई वर. पण खुब्यात तापमान असतं ३७ अंश, आणि तिथे ना अम्लराज ना टोल्युइनसारखा सॉल्व्हंट. ज्या दोन रकान्यांसाठी आपण पीटीएफईला चढा भाव देतो, ते दोन्ही इथे गैरलागू. जो रकाना निर्णायक होता, घासणीतली झीज, त्यात पीटीएफई प्लास्टिकांमध्ये तळाच्या बाजूला आहे, आणि हा रकाना पुष्कळ तक्त्यांवर छापलेलाच नसतो.

कमी घर्षण आणि जास्त झीज पीटीएफईमध्ये एकाच मुळातून येतात. त्याची साखळी सरळ, ताठ, बाहेरून गुळगुळीत. एका साखळीचं दुसरीशी आकर्षण अत्यल्प. त्यामुळे भार आला की पत्त्यांच्या कॅटमधून पत्ता सरकावा तसे थर एकमेकांवरून सरकतात. सरकणं सोपं म्हणून घर्षण कमी. आणि सरकलेला थर परत येत नाही म्हणून झीज. कोरड्या जागी हा थर धातूवर चिकटून फिल्म बनते आणि पुढची झीज आटोक्यात राहते. भरणीचा फायदाही बऱ्याच अंशी या फिल्मवर अवलंबून असतो. सांध्यातल्या द्रवात ती फिल्म नीट टिकत नाही. फ्लुओरोसिंटनं प्रयोगशाळेत एक आणि शरीरात दुसरं का दाखवलं, याचा मोठा भाग मला इथे दिसतो. पॉलिएथिलीनच्या साखळ्याही लाखो एककं भाराच्या, पण त्या लवचीक, एकमेकींत गुंतलेल्या. एक ओढली तर शेजारच्या दहा तिला धरून ठेवतात.

त्यात पीटीएफईचा कोल्ड फ्लो. सततच्या दाबाखाली ते साध्या तापमानालाही हळूहळू पसरतं. पीटीएफईचं गॅस्केट असलेल्या फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडाचे, बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावे लागतात ते याचमुळे.

पॉलिएथिलीन निर्दोष नव्हतं, हेही सांगायला हवं. त्याचेही कण सुटतात, वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास झीज होते, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या कणांमुळेही हाड शोषलं जातं असं पुढे दिसलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारानं साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिएथिलीन आलं आणि झीज आणखी उतरली. पीटीएफईच्या बाबतीत हा मार्गच नव्हता. रसायनांपुढे अभेद्य असलेलं हे प्लास्टिक गॅमा किरणांपुढे सर्वांत नाजूक प्लास्टिकांपैकी एक आहे. थोड्या मात्रेतही त्याच्या साखळ्या तुटतात.

वाईट याचं वाटतं की चार्नलींचा इशारा छापून वीस वर्षं झाल्यावर, १९८३ पासून, अमेरिकेत जबड्याच्या सांध्यासाठी पीटीएफईचा पृष्ठभाग असलेली रोपणं बाजारात आली. जबडा चावताना किती भार देतो आणि दिवसातून किती वेळा हलतो, हे काही गुपित नव्हतं. कण, गाठी, हाडाची झीज, सगळं तसंच्या तसं घडलं. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सावधानतेचा इशारा काढला आणि पुढे ती रोपणं परत मागवली गेली. कवटीच्या हाडापर्यंत झीज गेलेले रुग्ण त्यांत होते.

मग पीटीएफई कुठे बसवावं

शरीरातही त्याची जागा आहे. १९६९ साली बॉब गोर यांनी तापवलेला पीटीएफईचा रॉड झटक्यात ओढून सूक्ष्म छिद्रांचं ताणलेलं पीटीएफई बनवलं, आणि त्याच्या कृत्रिम रक्तवाहिन्या अनेक दशकं वापरात आहेत. तिथे काही घासत नाही. पुलाच्या बेअरिंगमध्ये पीटीएफईची शीट टनावारी भार झेलते, कारण ती पोलादी खाचेत कोंडलेली असते, त्यामुळे पसरायला वाव नसतो. तिच्यावरच्या खळग्यांत ग्रीस भरलेलं असतं, आणि पूल सरकतो तो दिवसाच्या उन्हानं, अगदी संथ.

रासायनिक कारखान्यात आम्लाच्या पाइपचं अस्तर, गॅस्केट, बेलोज, बॉल व्हॉल्व्हची सीट, या जागी पीटीएफईला तोड नाही. अडचण होते ती फिरत्या शाफ्टपाशी. एका कारखान्यात आम्लाच्या पंपाचा कार्बनची भरणी असलेला पीटीएफईचा बुश संपला होता, तेव्हा केमिकल रेझिस्टन्स तोच आहे या हिशोबानं खरेदी विभागानं साध्या पांढऱ्या पीटीएफईचा बुश आणला. तो काही आठवड्यांत अंडाकृती झाला आणि शाफ्ट सीलवर थरथरू लागला. सीलही गेलं.

म्हणून बुशची मागणी आली की रसायन आणि तापमान यांच्या आधी मी चार गोष्टी विचारतो: भार किती, वेग किती, शाफ्टची फिनिश कशी, आणि जागा कोरडी की ओली. ओल्या जागी कार्बन-ग्राफाइटची भरणी मला काचेपेक्षा भरवशाची वाटते. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा गरम कॉस्टिक असेल तर काचेचा प्रश्नच येत नाही, कारण पीटीएफई शाबूत राहतं आणि आतली काच खाल्ली जाते. ब्राँझची भरणी आम्लात तशीच जाते. आणि पुरवठादारानं झिजेचा आकडा दिला, तर तो कोरड्या चाचणीचा आहे की आपल्या द्रवातल्या, हे लेखी मागतो.